साडेसहा चौरस मीटरांचे स्वयंपाकघर

आधुनिक वास्तुकलेचा इतिहास लिहिणारे बहुधा काच, पोलाद आणि काँक्रीट यांच्या आगमनापासून आरंभ करतात. परंतु या चळवळीच्या ध्येयवादाचा ठाव घ्यावयाचा, तर पहिल्या महायुद्धानंतरच्या मध्य युरोपातील घरटंचाईकडेच वळले पाहिजे. कामकरी कुटुंबे कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने दिवस कंठीत असता दर्शनी भिंतींवरील वेलबुट्टीवर द्रव्य आणि श्रम खर्चावे काय, हा प्रश्न त्या पिढीच्या वास्तुविशारदांना नीतीचा वाटला. कारागिराचे आयुष्य निरर्थक नक्षीकामात वाया जाते, असे व्हिएन्नाचा आडोल्फ लोस महायुद्धापूर्वीच बजावून गेला होता.

फ्रँकफुर्ट महापालिकेने १९२५ साली बांधकाम खात्याचा कारभार एर्न्स्ट माय यांच्या हाती सोपविला, आणि पुढील पाच वर्षांत त्या नगराच्या कडेने नव्या वसाहती वसल्या. घरभाड्यावरील कराच्या उत्पन्नातून बांधावयाची ही घरे लहानच असणार, हे उघड होते. लहान घरातही माणसाने मानाने राहावे, यासाठी मायने व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद स्त्रीस पाचारण केले. लोसबरोबर कामगारांच्या वसाहतींचे काम केलेल्या या विदुषीने १९२६ साली जे स्वयंपाकघर आखले, ते मला त्या काळच्या कोणत्याही जाहीरनाम्याहून अधिक बोलके वाटते.

सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, अशी ती चिंचोळी खोली. आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखाना तिने अभ्यासिला, गृहिणीची पावले मोजणारी अमेरिकन संशोधने वाचली, आणि चूल, ओटा व मोरी ही परस्परांच्या हाताच्या अंतरावर आणली. खिडकीखाली कामाचे टेबल, त्यापुढे बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल, आणि टेबलातच भाजीची देठे-साले लोटून देण्यासाठी ठेवलेली खाच. तांदूळ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे, मुठीचे आणि ओतण्याजोगे खण. पिठाचे खण मात्र ओक लाकडाचे, कारण त्यात कीड धरत नाही. इस्त्रीची फळी भिंतीवर दुमडून बसे. कपाटांना निळसर हिरवा रंग दिला, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत, असा तेव्हाचा समज होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे फ्रँकफुर्टच्या घरांत बसविली गेली. ज्या स्त्रीच्या श्रमांची दखल राजवाड्यांच्या शिल्पकारांनी शतकानुशतके घेतली नव्हती, तिच्या वाकण्या-उठण्याचा हिशेब येथे प्रथमच वास्तुकलेच्या दप्तरी नोंदला गेला, आणि याच कारणासाठी आधुनिकतेला केवळ सपाट भिंतींची शैली म्हणणाऱ्यांशी माझे जुळत नाही.

तरीही एक उणीव मान्य करावीच लागते. या खोलीत दोघे एकत्र उभे राहू शकत नसत. म्हणजे रांधणे हे एकट्या बाईचेच काम, हे गृहीत त्या आराखड्यातच कायम झाले. सामुदायिक स्वयंपाकगृहांचा पर्याय लिहोत्स्कीला अपरिचित नव्हता. पण कामगाराच्या अनिश्चित मिळकतीस त्याचा खर्च झेपणार नाही, असे तिचे मत पडले. १९३० साली मायबरोबर ती सोव्हिएत रशियात गेली. पुढे नात्झी सत्तेविरुद्धच्या गुप्त कार्यात सहभागी झाल्याने १९४१ मध्ये तिला व्हिएन्नात अटक झाली व पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. युद्धाच्या अखेरीस ती सुटली, परंतु साम्यवादी म्हणून स्वदेशातील सरकारी कामे तिच्या वाट्याला फारशी आली नाहीत.