कीकॅड: ट्रॅक ओढण्याआधी स्क्रीन ओळखा

कीकॅडचा पीसीबी एडिटर उघडलात की लगेच ट्रॅक ओढायला घेऊ नका. आधी उजवीकडचं लेयर्सचं पॅनल बघा. एफ डॉट सीयू म्हणजे वरचं तांबं, बी डॉट सीयू खालचं, एज डॉट कट्स म्हणजे बोर्डाची कड. जो लेयर निवडलाय, त्यावरच रेघ पडते.

पॅड्समधल्या बारीक रेघा म्हणजे रॅट्सनेस्ट, अर्थात राहिलेली जोडणी. स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून मी त्या बंद केल्या आणि अ‍ॅम्प्लिफायरची ग्राउंड पिन तशीच राहिली. ३ आठवड्यांनी बोर्ड आला. वरून तार सोल्डर केली, पण नॉइज काही जाईना. बोर्ड पुन्हा मागवला. खाली ‘अनराउटेड’पाशी १ दिसतच होता!

तिथे ० आला की डीआरसी चालवा, मगच गर्बर फाइल्स काढा.