आंतरराष्ट्रीय व्यापाराचे शिक्षण : माल, कागद आणि आपण

बारावीचा निकाल लागला की वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या पालकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? अलीकडे या प्रश्नाच्या उत्तरात 'इंटरनॅशनल बिझनेस' हे नाव वारंवार ऐकू येते. नाव भारदस्त आहे आणि शुल्कही बहुधा त्याला साजेसेच असते. ही पदवी घेतली म्हणजे परदेशात नोकरी मिळते, असा एक समजही रूढ झाला आहे. कर्ज काढून प्रवेश घेण्यापूर्वी या विषयात नेमके काय शिकवतात, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूर परिसरातील कारागिरांच्या एका गटाने जर्मनीतील हॅम्बर्ग बंदरातल्या व्यापाऱ्याला पाचशे जोड कोल्हापुरी चपला, जोडीस २० युरो दराने, विकण्याचा करार केला. चपला बनवण्याचे कौशल्य कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु माल घराबाहेर पडताच असे काही प्रश्न उभे राहतात, ज्यांचे उत्तर हातातल्या रापीत नसते.

पहिला प्रश्न जोखमीचा. माल वाटेत भिजला वा बुडाला, तर नुकसान कोणाचे? यासाठी पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ठरवलेले 'इनकोटर्म्स' नावाचे नियम जगभर वापरले जातात. ते प्रथम १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० च्या आवृत्तीत असे ११ नियम आहेत. त्यांपैकी 'सीआयएफ' या नियमानुसार हॅम्बर्गपर्यंतचे जहाजभाडे आणि विमा विक्रेत्याने भरायचा असतो. तरीही माल न्हावा-शेवा येथे जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. भाडे भरणारा एक आणि जोखीम वाहणारा दुसरा, ही गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. करारातील या तीन अक्षरांवर हजारो रुपये अवलंबून असतात.

दुसरा प्रश्न पैशाचा. खरेदीदार अनोळखी असेल, तर त्याची बँक 'लेटर ऑफ क्रेडिट' म्हणजे पतपत्र देते. ठरलेली कागदपत्रे सादर केली की बँक पैसे देण्यास बांधील होते. मात्र बँक माल पाहत नाही, केवळ कागद पाहते. चपला उत्तम असल्या तरी कागदपत्रे पतपत्रातील अटींशी जुळली नाहीत, किंवा ती मुदतीनंतर पोहोचली, तर बँक पैसे नाकारू शकते.

तिसरा प्रश्न विनिमय दराचा. एकूण करार १०,००० युरोंचा आहे. करार करताना युरोचा भाव समजा ९० रुपये धरला आणि पैसे हाती येईपर्यंत तो ८७ रुपयांवर आला, तर कोणाचीही चूक नसताना ३०,००० रुपये कमी मिळतात. बँकेशी आगाऊ दर ठरवून ही जोखीम टाळता येते, हे ज्याला ठाऊक असते तो निश्चिंत राहतो.

चौथा प्रश्न आयात करणाऱ्या देशाच्या कायद्याचा. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत क्रोमियम-६ या घातक द्रव्याचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे कातडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले असते. त्यामुळे हा नियम आपल्या कारागिराच्या बाजूचाही ठरू शकतो. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा लागतो.

जोखीम, पतपत्र, विनिमय दर, परदेशी कायदे, जकात आणि बाजारपेठेचा अभ्यास हाच या शिक्षणक्रमाचा गाभा होय. साध्या वाणिज्य पदवीत हिशेब आणि करआकारणी शिकवतात. येथे त्यांना दोन देशांच्या सीमारेषेची जोड मिळते.

या ज्ञानाचा आपल्या समाजाशी संबंध काय, हे नुकत्याच घडलेल्या एका प्रसंगातून दिसते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घडणीच्या चपला सादर केल्या. प्रारंभी मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. परंतु भारतातील मानांकन भारताच्या हद्दीपुरतेच असते. परदेशात संरक्षण हवे असेल तर तेथील कायद्यानुसार स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. चामड्याचे काम करणाऱ्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतके श्रम आणि अवहेलना आली. नाव आणि नफा इतरत्र गेला. हे बदलायचे असेल, तर करार वाचणारी माणसे त्याच घरांतून तयार व्हावी लागतील.

हा विषय आपल्याला परका नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनी १९१५ मध्ये एम.ए.साठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय प्राचीन भारतातील व्यापार हा होता. पुढे लंडनमध्ये डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर संशोधन केले आणि १९२३ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. रुपयाचे मूल्य कशाशी आणि कसे बांधावे, हाच त्याचा विषय होता.

आता व्यवहाराच्या गोष्टी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बीबीए (इंटरनॅशनल बिझनेस) हा पदवी अभ्यासक्रम आहे. राज्यात बीबीए प्रवेशासाठी २०२४-२५ पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्र शासनाने १९६३ मध्ये स्थापन केलेली नवी दिल्लीची भारतीय विदेश व्यापार संस्था (आयआयएफटी) अग्रगण्य मानली जाते. तेथील एमबीए प्रवेश कॅट परीक्षेतून होतो. म्हणजे कोणत्याही शाखेची पदवी घेऊन पुढे या विषयाकडे वळता येते. बारावीनंतरच निर्णय घेतला पाहिजे, असे नाही.

शिष्यवृत्तीबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमास व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नाही. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्यावा. परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी बदलत असल्याने त्या वर्षीची जाहिरात काळजीपूर्वक वाचावी.

शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाला तीन प्रश्न विचारावेत : अध्यापकांपैकी कोणी प्रत्यक्ष निर्यातीचे काम केले आहे काय? विद्यार्थ्यांना बंदर, सीमाशुल्क दलाल वा निर्यातदाराकडे प्रशिक्षणास पाठवतात काय? एखादी परकीय भाषा शिकवतात काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर केवळ नावासाठी कर्ज काढू नये.

निर्यात करण्यासाठी पदवीची अट नाही, हेही सांगितले पाहिजे. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ५०० रुपये शुल्कात आयात-निर्यात संकेतांक मिळतो. तो एखाद्या बचत गटालाही घेता येतो. पदवीचा उपयोग त्यापुढचा आहे : त्या गटाच्या वतीने परदेशी व्यापाऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणे. या शाळेच्या आवारातून बाहेर पडलेल्या मुलीने वा मुलाने हे शिक्षण घ्यावे आणि आपल्या गावच्या कारागिराचा पहिला करार स्वतः वाचून द्यावा, एवढीच अपेक्षा.