लॅपटॉपच्या पोटातली कोरी प्रत

माझ्या भाच्यानं २०१० साली घेतलेला लॅपटॉप एके दिवशी सुरूच होईना. निळा पडदा यायचा, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, की पुन्हा निळा पडदा. त्यानं माळ्यावरचं खोकं काढलं. विंडोजची सीडी काही सापडेना. सापडणार कुठून? कंपनीनं ती दिलीच नव्हती! तिच्याऐवजी हार्डडिस्कचा एक कप्पा वेगळा काढून त्यात विंडोज आणि ड्रायव्हर बांधून ठेवले होते. हेच रिकव्हरी पार्टिशन. एरवी ते सहसा नजरेला पडत नाही.

ते उघडायची कळ कंपनीगणिक निराळी. त्या काळच्या लॅपटॉपवर यंत्र सुरू होताना एचपीला बहुधा एफ११, एसरला ऑल्ट आणि एफ१०, असूसला एफ९. भाच्यानं कळ दाबली आणि 'पुढे', 'पुढे', 'होय' करत गेला. तासाभरात लॅपटॉप दुकानातून आणल्यासारखा कोरा! त्यासोबत आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, साठीचे फोटोही गेले. सगळं पुसलं जाईल अशी सूचना आली होती, पण ती वाचतो कोण?

विंडोज चालू होत नाही म्हणजे फायली गेल्या, असं मुळीच नाही. उबंटूचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून लॅपटॉप सुरू करावा, काहीही इन्स्टॉल न करता फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत, आणि मग चार्जर लावून खुशाल रिकव्हरीला बसावं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र हात लावू नये. रिकव्हरी पार्टिशनही त्याच डिस्कवर असतं. घराला आग लागली तर कपाटातली किल्लीही जळणारच.

शिवाय परत येतं ते जुनंच विंडोज. भाच्याकडे आलं विंडोज ७. त्याचा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये थांबवला, तेव्हा अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार नकोत.

विंडोज १० आणि ११ मध्ये 'रीसेट धिस पीसी' असा पर्याय आहे. त्यात फायली ठेवायच्या की सगळं पुसायचं, हे विचारतात. फायली ठेवल्या तरी आपण टाकलेले प्रोग्रॅम जातात, मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअरसुद्धा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकडी किल्ली आधी हाताशी ठेवावी.

ताईच्या साठीचे बारा फोटो पुढे एका पाहुण्याच्या ईमेलमध्ये मिळाले. बाकीचे नाहीत.