मनी, मनीप्लांट आणि दम्याची वही

दर वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की मी माझ्या वर्गाला एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात कोण कोण राहतं? मुलं बोटं मोजायला लागतात. आई, बाबा, आजी, ताई. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, "बाई, आमच्याकडे बोकापण आहे!" आणि सगळा वर्ग हसतो.

2018 साली हाच प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मी सांगितलं असतं: मी, लेकीचे बाबा, तिसरीत शिकणारी आमची लेक, मनी नावाची करड्या रंगाची मांजर, खिडकीच्या ग्रीलमध्ये आणि घरात मिळून अकरा कुंड्या, आणि दमा. पाहुणा दोन दिवस राहतो नि जातो. दमा मात्र लेक पाच वर्षांची असताना आला तो राहायलाच. या सगळ्यांनी एका घरात कसं राहायचं, ते आम्हाला शिकावं लागलं. त्याचीच ही गोष्ट.

वीज गेली त्या रात्री

आम्ही नालासोपाऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्या वर्षीच्या जुलैत वसई-विरारमध्ये असा पाऊस कोसळला की विचारू नका. 10 जुलैला रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, आमच्याकडची वीजही गेली. लेकीचे बाबा दादरला अडकले. घरात आम्ही दोघी आणि मनी.

रात्री लेकीला खोकला सुरू झाला. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ती उठून बसली, खांदे वर ओढून श्वास घेऊ लागली. एरवी असं झालं की मी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार देणारं मशीन लावत असे. पण मशीनला वीज लागते! खाली रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी. रिक्षा नाही, काही नाही.

आता एक कबुली देते. डॉक्टरांनी तिला पंप आणि स्पेसर आधीच लिहून दिले होते. मी ते आणलेही होते. पण "पंपाची सवय लागते हो, एकदा धरला की सुटत नाही," असं चार जणींनी सांगितलं आणि मी घाबरून तो डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिला. मुलांना रोज 'ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका' असं शिकवणारी मी!

त्या रात्री बॅटरीच्या उजेडात मी डबा काढला. कागदावरच्या सूचना वाचल्या. पंप हलवला, स्पेसरच्या नळकांड्याला लावला, एकदा दाबला. लेकीने तोंडाने चार-सहा श्वास घेतले. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. थोड्या वेळाने शिट्टी कमी झाली. तिचे खांदे खाली आले. "आई, आता बरं वाटतंय," ती म्हणाली, तेव्हा मला रडू आलं. मनी त्या वेळी तिच्या उशीवरच बसली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का, पुढे उपयोगी पडणार आहे.

दम्यात होतं काय?

आपल्या छातीत श्वासाच्या नळ्या असतात. झाडाच्या फांद्यांसारख्या त्या बारीक बारीक होत जातात. दमा असलेल्या माणसाच्या नळ्या जरा चिडक्या असतात. त्यांना न चालणारी एखादी गोष्ट आत गेली की तीन गोष्टी घडतात. नळीचं अस्तर सुजतं, नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते, आणि अरुंद वाटेतून हवा जाताना शिट्टी वाजते.

करून पाहा: शीतपेयाची नळी तोंडात धरा, नाक चिमटीत पकडा आणि वीस सेकंद फक्त नळीतून श्वास घ्या. घरातलं मोठं माणूस जवळ हवं. ज्यांना दमा किंवा छातीचा काही त्रास आहे त्यांनी हा प्रयोग करायचा नाही. कसं वाटलं? आता कल्पना करा, ही नळी काढून टाकता येत नाही.

दम्याची औषधं मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक रोज घ्यायचं. ते नळ्यांची सूज हळूहळू कमी करतं. ते घेतल्यावर चूळ भरायची असते. दुसरं अडचणीच्या वेळचं. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. आणि ती 'सवय लागते' म्हणतात ना, ती खोटी गोष्ट आहे. चष्म्याची सवय लागते का? गरज असते, म्हणून आपण तो लावतो.

आता थोडं गणित. अडचणीच्या वेळचं औषध सालब्युटामॉल. पंपाच्या एका दाबात ते 100 मायक्रोग्रॅम असतं. त्याची एक गोळी 2 मिलिग्रॅमची मिळते. 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. मग एका गोळीत पंपाचे किती दाब झाले? वीस! गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर जाते. पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडं पुरतं.

हा पंप कसा सुचला, ठाऊक आहे? 1955 साली अमेरिकेत सुझी नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. तिला दमा होता. तेव्हा औषध फवारायला काचेचं, रबरी फुगा दाबायचं उपकरण वापरत. ते नाजूक आणि गैरसोयीचं. सुझीने वडिलांना विचारलं, "केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, तसं माझं औषध डब्यात का नाही मिळत?" तिचे वडील जॉर्ज मेसन एका औषध कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. 1956 साली पहिला पंप बाजारात आला. म्हणून म्हणते, प्रश्न विचारायला लाजू नका!

आरोपी कोण?

पाणी ओसरल्यावर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तोवर शेजारीपाजारी निकाल देऊन मोकळे झाले होते. "आधी ती मांजर घालवा. आणि ती झाडं! रात्री झाडं घरातला प्राणवायू खातात." उलट एका मामींनी आणखी दोन कुंड्या आणून दिल्या, "याने हवा शुद्ध होते," असं म्हणत. लेक मनीला पोटाशी धरून बसली, जेवेना.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कोणालाही शिक्षा देण्याआधी पुरावा गोळा करा. एक वही घाला." त्यांनी एक कागदही लिहून दिला. रोज काय घ्यायचं, त्रास वाढला तर पंप किती वेळा, आणि तरी बरं वाटलं नाही तर थेट दवाखाना गाठायचा. तो कागद आजही आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

चौकटीची शंभर पानी वही घेतली. लेकीनेच रकाने आखले. तारीख. रात्री खोकला आला का. पाऊस होता का. मनी कुठे झोपली. पंप किती वेळा लागला. रोज सकाळी दूध पिता पिता ती वही भरायची.

सप्टेंबरात गणपतीला आम्ही माझ्या आईकडे, आगाशीला गेलो. मनी शेजारच्या काकूंकडे. पाच दिवस लेकीला खोकला नाही! लेक म्हणाली, "तिथे मनी नव्हती." मी म्हटलं, "पण तिथे आपण चटईवर झोपत होतो. घरी जाडजूड गादी आहे." दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कारण कोणतं ते कसं कळणार? विज्ञानाचा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी गादी घेतली. गादीत, उशीत धूळकिडे राहतात. ते इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा हे त्यांचं खाणं, आणि दमट हवा त्यांना फार आवडते. आमची वसई समुद्रकाठची, पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या लागतात. किड्यांची मजाच! आम्ही गादीला चेनची खोळ घातली, चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुतले, कापडी खेळणी बाहेर काढली. खोकल्याच्या रात्री कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

मग मनीला झोपायच्या खोलीत बंदी केली. आणखी थोडा फरक पडला.

शेवटी डॉक्टरांनी हातावर तपासणी केली. वेगवेगळ्या द्रवांचे थेंब ठेवून त्यावर हलकेच टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ज्याचं वावडं, तिथे डास चावल्यासारखी गांध उठते. धूळकिड्यांची गांध उठली. आणि मांजराचीही उठली.

मांजराचा केस हा खरा आरोपी नसतो. मांजर स्वतःला चाटते, तिच्या लाळेतलं एक प्रथिन केसांवर वाळतं, त्याचे बारीक कण हवेत तरंगतात. कपड्यांना चिकटून ते शाळेपर्यंतही जातात.

झाडं मात्र निर्दोष सुटली. रात्री झाडं थोडा प्राणवायू घेतात हे खरं, पण खोलीत झोपलेल्या माणसाच्या मानाने तो अगदी किरकोळ असतो. आणि मामींची हवा शुद्ध करणारी झाडं? 1989 साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने बंद पेट्यांत झाडं ठेवून प्रयोग केला होता. त्यावरून ही समजूत पसरली. पुढे 2019 साली संशोधकांनी असे अनेक प्रयोग पुन्हा तपासले. घराच्या वाऱ्याइतकं काम झाडांनी करायचं, तर एका चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील! आपण राहायचं कुठे? त्यापेक्षा खिडकी उघडा. झाडं हवीत ती डोळ्यांना आणि मनाला. फक्त फार पाणी घालू नका. ओल्या मातीवर बुरशी धरते, आणि बुरशी दम्याला चालत नाही.

मनीला मात्र झाडांकडूनच धोका होता. मनीप्लांटचं पान चावलं की तिच्या तोंडातून लाळ गळायची. त्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. लिली तर मांजरासाठी जीवघेणी. घरात मांजर किंवा रांगतं बाळ असेल, तर अशा कुंड्या उंचावर टांगा किंवा ठेवूच नका.

मनीचं नवं घर

दिवाळीनंतर एका संध्याकाळी लेक वही घेऊन माझ्याजवळ आली. तिने खोकल्याच्या रात्रींवर लाल खुणा केल्या होत्या. "आई, अजून लाल आहेत ना गं?" मी मान हलवली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मनीला आजीकडे ठेवूया. पण सोडायला मी येणार."

आगाशीला आजीची वाडी आहे. केळी, सोनचाफा, विहीर. पण मांजराला माणसापेक्षा जागेचा लळा जास्त. एकदम मोकळं सोडलं तर ते जुन्या घराच्या शोधात निघतं. म्हणून आजीने मनीला दोन आठवडे एका खोलीत ठेवलं. तिची जुनी गोधडी, तिची वाटी सोबत दिली. मग हळूहळू अंगण दाखवलं. रिक्षातून परत येताना लेक सगळा रस्ता रडली. मी तिला गप्प केलं नाही. रडण्यासारखीच गोष्ट होती ती.

मांजर गेलं की दुसऱ्या दिवशी दमा गेला, असंही होत नाही. तिचे कण पडद्यांत, सोफ्यात कित्येक महिने राहतात. रोजचं औषध चालूच होतं. लाल खुणा विरळ व्हायला उन्हाळा उजाडला.

म्हणून दमा असलेल्या प्रत्येकाने मांजर घालवायचं का? मुळीच नाही! प्रत्येकाचं वावडं वेगळं. कोणाला धूळ, कोणाला धूर, कोणाला नुसती थंड हवा. आपलं कोणतं, ते वही सांगते आणि डॉक्टर तपासतात. शेजारच्या काकू नाही.

वर्गातल्या मित्रासाठी

दमा हा संसर्गाने पसरत नाही. मित्राच्या शेजारी बसा, त्याच्यासोबत डबा खा. तो पंप घेत असेल तर टक लावून पाहू नका, हसू नका. त्याला एकदम दम लागला तर त्याला ताठ बसवा, पंप हातात द्या आणि धावत बाईंना सांगा. आणि पालकांनो, पंप मुलाच्या हाताशी हवा, शाळेच्या कुलूपबंद कपाटात नको. 'याला खेळायला पाठवू नका' अशी चिठ्ठीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफला लहानपणापासून दमा आहे. 2003 साली तिने लंडनची मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत जिंकली आणि महिलांचा तो विश्वविक्रम 2019 पर्यंत टिकला!

आमची लेक आता मोठ्या वर्गात आहे. दमा आहेच, पण आता तो घरच्या शिस्तीत राहतो. रविवारी ती आगाशीला जाते. मनी म्हातारी झाली आहे. दोघी मोकळ्या अंगणात विहिरीजवळ बसतात. परत आल्यावर लेक आधी अंघोळ करते, कपडे धुवायला टाकते.

वही आता चौथी चालू आहे. तिच्यात एक रकाना जास्त आहे. 'मनीला भेटले.' तिथे ती हिरव्या पेनाने खूण करते.