निसर्गरम्य प्रवासाची घडण : ब्लू रिज पार्कवे आणि चाकांवरील घर

प्रस्तावना

सहलीच्या वर्णनात मुक्कामाची ठिकाणे ठळकपणे येतात. दोन मुक्कामांमधील रस्ता मात्र बहुधा एका वाक्यात संपतो. अमेरिकेतील मोटरहोमच्या कौटुंबिक सहलीत याउलट रस्ता हाच पर्यटनाचा विषय ठरतो. स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याची जागा, स्नानगृह आणि पाण्याच्या टाक्या सामावून घेणारे मोटरहोम म्हणजे चाकांवरील घरच होय. अशा घरातून केलेल्या एका दिवसाच्या प्रवासात दिसणारे सौंदर्य कितपत नैसर्गिक असते आणि कितपत घडविलेले असते, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात ब्लू रिज पार्कवेच्या आधारे केले आहे.

रस्त्याची निर्मिती

व्हर्जिनियातील शेनंडोआ आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी माउंटन्स ही दोन राष्ट्रीय उद्याने जोडणारा हा मार्ग ४६९ मैल, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर लांबीचा आहे. महामंदीच्या काळात रोजगारनिर्मितीचे साधन म्हणून ११ सप्टेंबर १९३५ रोजी त्याचे काम सुरू झाले आणि १९३६ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत आला. भूदृश्यरचनाकार स्टॅनले ॲबट यांच्याकडे त्याच्या आखणीची सूत्रे होती. दोन ठिकाणे कमीत कमी वेळात जोडणे हा येथे हेतूच नव्हता. वळणावर दरी कोठे उघडावी, गाडी थांबविण्याची जागा कोणत्या शिखरासमोर असावी, याचा विचार करून रस्ता आखला गेला.

शेवटचा दुवा असलेला लिन कोव्ह पूल या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ग्रँडफादर माउंटनचे मालक ह्यू मॉर्टन यांनी पर्वतावर अधिक उंचीवरून जाणाऱ्या आखणीस विरोध केला. प्रदीर्घ वादानंतर १९८३ मध्ये ३७९ मीटर लांबीचा पूल डोंगराच्या कडेने उभा राहिला. त्याचे १५३ पूर्वनिर्मित खंड पुलाच्या तयार झालेल्या भागावरूनच एकापुढे एक जोडण्यात आले, जेणेकरून खालील खडक व वृक्ष यांना कमीत कमी धक्का लागावा. भोवतीच्या खडकांशी रंग जुळावा म्हणून काँक्रीटमध्ये लोह-ऑक्साइड मिसळण्यात आले. या जोडणीनंतर १९८७ मध्ये, म्हणजे आरंभापासून ५२ वर्षांनी, संपूर्ण मार्ग पूर्ण झाला.

प्रवासाचा दिवस

या मार्गावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ४५ मैल (सुमारे ७२ किलोमीटर) आहे. मालवाहू ट्रक नाहीत, जाहिरातफलक नाहीत आणि पेट्रोलपंपही नाहीत. ताशी ३५ मैलांची सरासरी गृहीत धरली तरी संपूर्ण अंतरास साडेतेरा तासांच्या आसपास वेळ लागतो. साहजिकच कुटुंबाला प्रवास दोन-तीन दिवसांत विभागावा लागतो.

दिवसाची सुरुवात घर 'प्रवासायोग्य' करण्याने होते. भांडी कपाटात बंद करणे, सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या जागी रिकामी करणे आणि पिण्याचे पाणी भरून घेणे ही कामे निघण्यापूर्वीच उरकावी लागतात. पार्कवेवर २६ बोगदे आहेत. कमानीच्या मध्यभागी उंची अधिक व कडेला कमी असल्याने चालकाला आपल्या गाडीची नेमकी उंची ठाऊक असावी लागते. पार्कवेवरील शासकीय तळांवर वीज व पाण्याची जोडणी नसल्याने साठा जपून वापरणेही ओघाने आलेच. अर्थात, घर सोबत असले तरी घरकाम सुटत नाही. त्याची जागा तेवढी बदलते.

चौकटीबाहेरचे

खिडकीतून दिसणाऱ्या शांत शेतांमागे जमिनीचे व्यवहार आहेत. शेजारच्या खासगी जमिनींवर काय बांधता येईल, यावर करारांद्वारे निर्बंध घालण्यात आले. चेरोकी समाजाने आपल्या दरीतून जाणाऱ्या आखणीस विरोध केला. अखेर १९४० मध्ये मार्ग डोंगरमाथ्यावरून नेण्याचा तोडगा निघाला. व्हर्जिनियातील माब्री मिल ही पाणचक्की आज सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या जाणाऱ्या स्थळांपैकी एक आहे. तेथील माब्री कुटुंबाचे फळ्यांचे दुमजली घर पाडण्यात आले आणि पुढे अन्य ठिकाणाहून आणलेले ओंडक्यांचे घर तेथे उभारण्यात आले. डोंगरी माणसाचे खरे, सुधारलेले घर पर्यटकाच्या कल्पनेतील 'जुन्या' जीवनाशी जुळत नव्हते. स्वतःचे घर चाकांवर घेऊन आलेले कुटुंब येथे ज्या घराचे कौतुक करते, त्यात माब्री कुटुंब कधी राहिलेच नव्हते, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

हे घडविलेले सौंदर्य अढळही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलिनातील भागात अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि मोठे टप्पे दीर्घकाळ बंद राहिले.

समारोप

निसर्गरम्य प्रवासाचा दिवस हा केवळ निसर्गाचे देणे नसून कायदा, अभियांत्रिकी, श्रम आणि स्थानिकांकडून घेतलेली किंमत यांची निष्पत्ती आहे, असे या उदाहरणावरून दिसते. मंद वेग आणि फलकमुक्त कडा या निर्बंधांमुळेच हा आनंद सर्वांसाठी खुला राहिला. त्याच वेळी कोणाचे जीवन दृश्यात ठेवावे आणि कोणाचे पुसावे, हेही ठरविले गेले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आहे. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांबाबत विचार करताना वाहन व वाहनतळ यांच्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे काय राखायचे, आणि ते ठरविताना तेथे राहणाऱ्यांचा शब्द किती मानायचा, या प्रश्नांची उत्तरे शोधणे अगत्याचे ठरते.