जाड रेघेची किंमत

लपेटीदार अक्षर ठळक करायचे तर रेघ जाड केली की झाले, असा समज छापखान्यांत आणि आता संगणकावरही सर्रास आढळतो. १९५५ साली फ्रान्समध्ये ओतलेल्या ‘शॉक’ या टाइपाची जन्मकथा तो पार खोडून काढते.

शॉकचे कर्ते रॉजे एक्स्कोफाँ (१९१०–१९८३) मूळचे मार्सेयचे. कायद्याचा अभ्यास अर्धवट ठेवून चित्रकलेच्या ओढीने ते पॅरिसला गेले. मार्सेयमधली ओलिव्ह ही खिळे ओतणारी फाउंड्री त्यांच्या मेहुण्यांची. तिच्यासाठी त्यांनी १९५३ साली ‘मिस्त्राल’ हा टाइप काढला, तो स्वतःच्या हस्ताक्षरावरून.

मिस्त्रालमागची कारागिरी थक्क करणारी आहे. हाताने लिहिताना लेखणी एका अक्षरातून दुसऱ्यात सरकते. शिशाचा खिळा मात्र चौकोनी ठोकळा, शेजारच्यापासून वेगळा. म्हणून जवळजवळ प्रत्येक अक्षराची शेपूट ठोकळ्याच्या कडेपर्यंत, ठरलेल्या उंचीवर आणावी लागली. मग जुळाऱ्याने कोणताही खिळा कोणाशेजारी लावला तरी ओळ सलग दिसावी. खिळ्यांवर छापलेले एखादे जुने मराठी पुस्तक भिंगाखाली धरा. शिरोरेषेत दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट सापडते. अडचण तीच, फक्त आपल्याकडे ती डोक्यावर येते.

या मिस्त्रालचा ठळक भाऊ काढायला एक्स्कोफाँ बसले आणि अडले. रेघ फुगली की रोमन ‘e’चा डोळा बुजतो, दोन अक्षरांच्या सांध्यावर शाईचा गोळा होतो, आणि हाताचा वेग, जो या अक्षराचा प्राण, तोच नाहीसा होतो. मग त्यांनी सांधाच सोडून दिला आणि त्यातून शॉक घडला. भरलेल्या कुंचल्याचे रुंद, तुटक फटकारे घेतले. अक्षरे सुटी झाली, पण एका बाजूला कलून एकमेकांना खेटून उभी राहिली. माझ्या मते या टाइपाचे खरे रेखाटन काळ्यात नाहीच. अक्षराच्या पोटात उरलेली अरुंद, तिरकी पांढरी फट पाहा: तिच्यावरच सगळी वाचनीयता तोललेली आहे. दोन-तीन शब्दांचा मथळा, दुकानाची पाटी, भित्तिपत्रक एवढीच त्याची जागा. परिच्छेद जुळवला तर डोळे थकतात, आणि नुसती मोठी लिपी (कॅपिटल अक्षरे) लावली तर शब्दच हरवतो.

फ्रान्सच्या गल्लीबोळांतल्या पाट्यांवर एक्स्कोफाँ यांचे टाइप भरभरून वापरले गेले. शॉक तर पुढे अमेरिकेतल्या जपानी उपाहारगृहांच्या पाट्यांवरही पोचला. कुंचल्याचा फटकारा पाहून तो पूर्वेचाच वाटला असणार. नव्वदच्या दशकात इंग्रज अक्षरकार फिल ग्रिमशॉ यांनी त्याचे हलके, सडपातळ रूप काढले. ते देखणे आहे, पण त्यात पांढरे मुबलक आहे. एक्स्कोफाँ यांना हे पांढरे कणाकणाने वाचवावे लागले होते आणि अक्षरांतला ताण त्यातूनच आला होता.