सूत्रधाराच्या खांद्यावरचे ओझे

टेबलाभोवती बसून कथा रचत रचत खेळावयाच्या खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' असे म्हणतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यांचा मूळपुरुष होय. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावे १९७४ साली तो प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. २०२४ साली या खेळाने पन्नाशी गाठली. संगणकावरील खेळांच्या भाऊगर्दीतही कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा एवढ्या सामग्रीवर तो टिकून राहिला. मुंबई, पुणे, बंगळूरु यांसारख्या शहरांतही सुट्टीच्या दिवशी कोणाच्या तरी घरी किंवा एखाद्या कॅफेत असे गट जमताना दिसतात.

खेळाची रीत थोडक्यात सांगता येते. गटातील प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र कोणतेही एक पात्र घेत नाही. उरलेले सारे जग त्याच्या वाट्याला येते. भुयारात दार कोठे आहे, दारामागे कोण दडले आहे, सरायवाला खरे बोलतो की खोटे, हे त्यालाच ठाऊक असते. या माणसाला 'डंजन मास्टर' म्हणतात. आपल्या नाट्यपरंपरेतील 'सूत्रधार' हा शब्द त्याला चांगला शोभतो.

नाटकाच्या सूत्रधारापेक्षा या सूत्रधाराचा व्याप मात्र फार मोठा असतो. कथानक त्यानेच रचावयाचे, नकाशे काढावयाचे, शत्रूंची बलाबले लिहून ठेवावयाची, नियमांची जाडजूड पुस्तके तोंडपाठ करावयाची. प्रत्यक्ष खेळात दहा पात्रांचे आवाज काढता काढता कोणाची पाळी आली, कोणाला किती जखमा झाल्या, मशाल केव्हा विझणार, हेही त्यानेच पाहावयाचे. एवढ्यावर सुटका होत नाही. सर्वांना सोयीचा रविवार शोधणे, जागा ठरवणे, आठवणीचे निरोप धाडणे, गेल्या वेळी गैरहजर असलेल्याला झालेली कथा सांगणे, ही कामेही पुष्कळदा न सांगता त्याच्याच गळ्यात पडतात. चार खेळाडू चार तासांसाठी येतात आणि खेळून जातात. सूत्रधाराचा मात्र आठवडा त्यात जातो.

असे गट भांडणामुळे मोडतात त्याहून अधिक वेळा कंटाळ्याने विरतात, आणि कंटाळतो तो बहुधा एकच माणूस. 'या रविवारी जमणार नाही' असा त्याचा निरोप एकदा येतो, दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्या वेळी निरोप येतच नाही. वर्षभर रंगलेली कथा अर्ध्यावर राहते. दर पंधरवड्याला ज्या निमित्ताने चार मित्र एकत्र येत असत, ते निमित्तही नाहीसे होते. सूत्रधाराची प्रतिभा आटली, असे तेव्हा म्हटले जाते. वास्तविक प्रतिभा असते तशीच असते. हमालीने ती दबून गेलेली असते.

हा प्रश्न खेळाच्या जन्माइतकाच जुना आहे. १९६९ साली मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या युद्धखेळांच्या हौशी जाणकाराने नेपोलियनच्या काळातील ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक गाव कल्पून खेळ मांडला. त्यात सैन्यांच्या तुकड्या हलवण्याऐवजी एकेका खेळाडूला गावातील एकेका व्यक्तीची भूमिका दिली. वेस्ली एकेकाला बाजूला बोलावून त्याचे बेत ऐकू लागला. तोवर बाहेर थांबलेल्या मंडळींनी आपापसांत कारस्थाने सुरू केली आणि सारा कारभार त्याच्या हाताबाहेर गेला. प्रयोग फसला असे वेस्लीला वाटले, पण खेळणारे खूष होते आणि पुन्हा खेळू म्हणून मागे लागले. त्यांच्यात आर्नेसनही होता. भूमिका घेऊन खेळण्याच्या या नव्या प्रकाराची गोडी आणि एकट्या माणसाला तो आवरत नाही ही अडचण, दोन्ही एकाच दिवशी उजेडात आली म्हणावयाचे.

१९७४ च्या मूळ नियमपुस्तिकांत एका मोहिमेसाठी खेळाडूंची संख्या चार ते पन्नास अशी दिली आहे आणि वीस खेळाडूंमागे एक पंच असावा असे सुचवले आहे. आज हा आकडा वाचून हसू येते. पण तेव्हाचे गट खरोखरच मोठे असत आणि म्हणूनच कामाची वाटणी खेळातच मुरलेली होती. गटाचा एक बोलका प्रतिनिधी असे. त्याला 'कॉलर' म्हणत. सर्वांनी आपसात ठरवलेली कृती पंचाला सांगणे हे त्याचे काम. मूळ पुस्तिकेतील नमुन्याचा संवादही पंच आणि हा प्रतिनिधी या दोघांतलाच आहे. दुसरा असे नकाशा काढणारा, म्हणजे 'मॅपर'. टॉम मोल्ड्वे याने संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकातही ही दोन्ही पदे कायम आहेत.

यातील नकाशाकाराचे काम मोठे गमतीचे होते. सूत्रधार फक्त बोलून वर्णन करी: बोळ साठ फूट उत्तरेकडे जातो, मग पूर्वेला वळतो, डावीकडे दार आहे. खेळाडू ते चौकटीच्या कागदावर उतरवी. खरा नकाशा सूत्रधाराजवळ झाकलेला असे. खेळाडूने एखादे वळण चुकीचे काढले तर ती चूक दुरुस्त करण्याचे बंधन सूत्रधारावर नव्हते. परतीच्या वाटेवर चुकलेली मंडळी भुयारात खरोखरच चुकत. त्याच १९८१ च्या नियमांप्रमाणे भुयारातील वेळ दहा-दहा मिनिटांच्या 'टर्न'मध्ये मोजत, एक मशाल सहा टर्न चाले आणि दर दोन टर्नना भटक्या राक्षसासाठी फासा पडे. अशा खेळात कागदावरच्या कारकुनीला जिवाचे मोल असते. म्हणूनच नकाशाकार किंवा मशालींचा हिशेब ठेवणारा खेळाडू स्वतःला बिगारी समजत नसे. काम वाटताना आजच्या सूत्रधारांनी ही गोष्ट विसरू नये. ज्या कामाच्या चुकीने खेळात काहीच बिघडत नाही, ते काम कोणी मनापासून करत नाही.

प्रतिनिधीचे पद मात्र काळाच्या ओघात मागे पडले, आणि ते पडले हे बरेच झाले. ज्याचा आवाज मोठा तो प्रतिनिधी होई आणि हळूहळू सर्वांच्या वतीने ठरवूही लागे; बुजऱ्या खेळाडूला मान डोलावण्यापलीकडे काम उरत नसे. गट चार-पाच जणांचे झाले तसे प्रत्येक जण स्वतःच सूत्रधाराशी बोलू लागला. पण त्या पदाबरोबर कामाच्या वाटणीची सवयही गेली आणि ओझे पुन्हा एकाच्या डोक्यावर आले. पुढे २०१५ साली 'क्रिटिकल रोल' हा कार्यक्रम इंटरनेटवर सुरू झाला. व्यावसायिक आवाज-कलाकार या खेळात किती रंग भरू शकतात हे जगाने पाहिले आणि प्रत्येक हौशी सूत्रधाराची तुलना त्यातील मॅथ्यू मर्सरशी होऊ लागली. त्या कार्यक्रमामागे निर्मितीची मोठी यंत्रणा उभी आहे आणि आपल्या सूत्रधाराला उद्या सकाळी कचेरी गाठावयाची आहे, हे मात्र ध्यानात कोण घेतो!

मग वाटावे काय आणि राखावे काय? दोन गोष्टी सूत्रधाराला कोणाला देता येत नाहीत: रहस्ये आणि अंतिम निवाडा. बाकीचे बहुतेक सारे देता येते. लढाईत कोणाची पाळी कोणानंतर, ही यादी एखाद्या खेळाडूने ठेवून मोठ्याने पुकारली तरी काही बिघडत नाही, कारण त्यात गुपित काही नसते. उलट सूत्रधाराला पुढच्या चालीचा विचार करण्यास उसंत मिळते. नियमाचा वाद निघाला की पुस्तक उघडण्याचे काम एकाचे असावे. त्याने मजकूर वाचून दाखवावा, निकाल सूत्रधाराने द्यावा आणि दोन मिनिटांत नियम सापडला नाही तर तात्पुरता निर्णय करून खेळ पुढे न्यावा. ज्याचे पात्र बेशुद्ध पडले आहे किंवा मेले आहे, तो खेळाडू तासभर मोबाइलशी चाळा करत बसतो. त्याच्या हाती शत्रूचे चार शिपाई द्यावेत. मित्राच्या पात्रावर तो अशा तडफेने तुटून पडतो की बघत राहावे.

सर्वांत लाभदायक वाटणी आहे ती बखरकाराची. मागील बैठकीत काय घडले, हे नव्या बैठकीच्या आरंभी सूत्रधाराने सांगण्याची सर्रास पद्धत आहे. ते काम खेळाडूकडे द्यावे. श्रम वाचतात हा त्यातला किरकोळ लाभ. खेळाडू सांगू लागला की कोणते पात्र त्यांच्या मनात घर करून बसले, कोणता धागा साफ विसरला गेला, कोणत्या निरुपद्रवी म्हाताऱ्याला मंडळी खलनायक समजून बसली आहेत, हे सूत्रधाराला आयते कळते. पुढच्या बैठकीची तयारी कोठे करावयाची आणि कोठे नाही, याचा याहून चांगला सल्ला दुसरा कोणी देणार नाही.

खेळाबाहेरच्या कामांत तारीख ठरवणे हे सर्वांत किचकट काम, आणि तेथेच वाटणी हमखास फसते. 'तू सगळ्यांना विचारून मला कळव' असे सांगितले की पायपीट दुसऱ्याची होते, पण निर्णय पुन्हा सूत्रधाराच्या दारात येऊन बसतो. त्यापेक्षा नियमच करावा: पाचांपैकी तिघे येणार असतील तर खेळ होईल, आणि तारीख अमुक एक जण जाहीर करील. काम देताना त्यातला निर्णयही द्यावा लागतो. यजमानपदाचेही तसेच. दर वेळी एकाच घरी जमले की चहा-पोहे, आवराआवर आणि रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांची नाराजी हे सारे एकाच कुटुंबाला भोगावे लागते, आणि त्या कुटुंबातील बाकीची माणसे तर खेळतही नसतात.

खेळांच्या रचनाकारांनीही यावर पुष्कळ डोके चालवले आहे. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हागन यांच्या 'आर्स मॅजिका' या १९८७ सालच्या खेळात नाटकमंडळीसारखी व्यवस्था आहे. सूत्रधाराचे काम आळीपाळीने करता येते आणि नोकर-शिपायांसारखी दुय्यम पात्रे सर्वांच्या सामाईक मालकीची असतात. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये (२०१०) सूत्रधार खेळाडूंना प्रश्न विचारत जातो आणि त्यांच्या उत्तरांतून जग उभे राहते. जेसन मॉर्निंगस्टार याच्या 'फियास्को'ने (२००९) तर सूत्रधारच काढून टाकला. या सर्वांत व्यवहाराला जवळचा प्रयोग बेन रॉबिन्सचा. 'वेस्ट मार्चेस' नावाच्या आपल्या मोहिमेत त्याने ठराविक दिवस, ठराविक गट आणि ठराविक कथानक या तिन्हींना रजा दिली. दहाहून अधिक खेळाडू होते. कोणी, कधी आणि नकाशावर कोणत्या दिशेला जावयाचे, हे त्यांनीच आपसात ठरवून रॉबिन्सला आगाऊ सांगावयाचे. तो तेवढ्याच प्रदेशाची तयारी करी. उठून काही ठरवले नाही तर खेळ होत नसे. परतलेली मंडळी इतरांसाठी वृत्तान्त लिहीत आणि सामाईक नकाशात भर घालीत. त्या नकाशाच्या अचूकतेची हमी अर्थातच कोणी घेत नसे.

वाटणीच्या आड येतो तो अनेकदा सूत्रधारच. जग त्याने रचलेले असते, त्यामुळे त्याच्या नोंदीत दुसऱ्याचे अक्षर त्याला खपत नाही. 'मीच करतो, लवकर होईल' हे त्याचे पालुपद. ते खरेही असते. खेळाडूने ठेवलेली यादी पहिल्या दोन बैठकींत चुकणारच. अशा वेळी काम परत ओढून घेतले तर ते पुन्हा कोणी हाती घेत नाही. 'कोणी तरी करा रे' असे मोघम आवाहनही निष्फळ ठरते. हिशेबी स्वभावाच्या खेळाडूकडे सामाईक खजिना, गोष्टीवेल्हाळ असेल त्याच्याकडे बखर, असे माणूस पाहून आणि एका साहसापुरते काम सोपवले तर सहसा नकार येत नाही. मुदत संपली की अदलाबदल करता येते. एक काम मात्र सूत्रधाराने एकट्याने पत्करू नये. सतत उशिरा येणाऱ्या किंवा इतरांना टोचून बोलणाऱ्या सदस्याची समजूत काढणे हे सगळ्या गटाचे काम आहे. निवाडा करणाऱ्यानेच कानउघाडणी केली की पुढचा प्रत्येक निवाडा सूडाचा वाटू लागतो.

गायगॅक्सलाही ही वाटणी करावी लागली होती. लेक जिनिव्हातील त्याच्या घराच्या तळघरात ग्रेहॉक किल्ल्याचा खेळ सुरू झाला तो त्याची मुले आणि काही परिचित यांच्यासाठी. खेळणाऱ्यांची संख्या इतकी फुगली की त्याने विशीच्या आतल्या रॉब कुंट्झ या खेळाडूला जोडीचा सूत्रधार करून घेतले. कुंट्झने स्वतःची भुयारे रचली होतीच. त्यामुळे स्वतः गायगॅक्सलाही अधूनमधून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसावयास मिळू लागले. तेथे तो मॉर्डेनकायनेन नावाचा जादूगार घेऊन खेळे. या जादूगाराचे नाव खेळातील कित्येक मंत्रांना आजही चिकटलेले आहे, आणि २०१८ साली राक्षसांची माहिती देणारे एक अधिकृत पुस्तकही त्याच्याच नावाने निघाले.